प्राण्यांचे ट्रम्प कार्ड: मेलेलं घुबड जिंकते, जिवंत बेडूक हरते

तालुक्याच्या बाजारातून पोरासाठी हे प्राण्यांचे ट्रम्प कार्ड आणले, १२० रुपयात ५२ कार्ड. छपाई मस्त आहे पण पावसाळ्यात कार्ड दमट होऊन एकमेकाले चिकटतात, थोडी पावडर लावली की चालते. खरी भानगड कार्डावरच्या मार्कांची आहे, ज्याचा आकडा मोठा तो जिंकते.

पहिल्याच डावात पोराकडे आला आपला पिवळा बेडूक अन् माझ्याकडे न्यूझीलंडचं हसरं घुबड. लांबीत घुबड ३८ सेंमी, बेडूक १६, ठीक आहे, हरला बिचारा. मग त्यानं 'दुर्मिळता' म्हटलं तं घुबडाले १०० पैकी १००, कारण ते नामशेष, आणि बेडकाले फक्त ५. पोरगा म्हणते, "बाबा, जो मेला तोच जिंकते का?" आता काय सांगू त्याले.

घुबडाची माहिती मात्र झकास दिली आहे, हसल्यासारखा आवाज काढायचं म्हणून हे नाव, अंडी खडकाच्या कपारीत जमिनीवरच घालायचं, आणि गोऱ्यांनी आधी ससे नेले, ससे माजले म्हणून १८८० च्या दशकात मुंगसासारखे स्टोट आणले, मग त्या स्टोट-मांजरांनी घुबडाचीच वाट लावली. शेवटचं १९१४ मध्ये सापडलं तेही मेलेलंच.

आणि बेडकाले काय, तं "डबक्यात राहतो." बस! फोटो पण हिरवट. अरे रोवणीच्या टायमाले आमच्या धानाच्या बांधीत येऊन बघा ना, नर हळदीसारखा पिवळाधम्मक, गळ्याच्या दोन्ही बाजूले निळे फुगे, बोडीवर म्हणजे लहान तळ्यावर रात्रभर असा गोंगाट की झोप नाही. उंदराचं पिल्लूही गिळते. तंगड्यांसाठी इतके पकडले जायचे की १९८७ मध्ये निर्यात बंद करावी लागली. आणि हाच बेडूक अंदमानात बाहेरून पोचला तं तिथल्या लहान जीवांले खात सुटला, म्हणजे तिथं हा स्वतःच स्टोट! हे छापलं असतं तं किती मजा आली असती.

बाकी रानपिंगळा, म्हणजे आपलं रानातलं छोटं घुबड, सेटमध्ये नाहीच. १८८४ नंतर ११३ वर्षं गायब, १९९७ ले शहाद्याकडे सापडला, आपल्या मेळघाटातही आहे, त्याले किती मार्क दिले असते कोणास ठाऊक.

पाचपैकी तीन स्टार. पोरानं पेनानं घुबडाचे १०० खोडून ० केले अन् बेडकाले १०० दिले. आता बेडूक ज्याच्या हाती येते तो आधीच हसते, अन् सगळ्यांले कळते.