खांब हलवला, सांधे लपवले: शिडाच्या नौकेचं इंटिरियर करून घेताना झालेली फसवणूक

शिडाच्या नौकेचं इंटिरियर नव्याने करून घ्यायचं तुमच्या मनात असेल आणि "हा खांब जरा बाजूला घेऊ, हे पार्टिशन थोडं कापू, केबिन मोकळी होईल" असं कुणी सुचवलं असेल, तर पुढचं जरूर वाचा. आमच्या नौकेवर हेच झालं. नुसतं काम बिघडलं असतं तर मी लिहायला बसले नसते. कारागिराचा हात कधीतरी चुकतो, ते दुरुस्त करता येतं. आम्ही ज्याला काम दिलं त्या कंत्राटदाराने नौकेचा भार पेलणारे भाग कापले, ते परत नीट जोडलेच नाहीत, आणि जोडले असं भासवायला दुसऱ्याच कुठल्यातरी नौकेचे फोटो आम्हाला पाठवले.

नौका जुनी, फायबरग्लासची, ३१ फुटांची. तिची डोलकाठी डेकवर उभी राहणारी आहे, म्हणजे ती डेकमधून आरपार खाली जात नाही. डेकवरच्या मास्ट स्टेपवर ती टेकते आणि तिच्या बरोबर खाली केबिनमध्ये एक खांब असतो, कॉम्प्रेशन पोस्ट. आमच्याकडे तो स्टेनलेस स्टीलचा जाड पाइप होता. केबिनच्या मधोमध, जाता-येता खांदा लागावा अशा जागी. त्याला लागूनच मुख्य बल्कहेड, म्हणजे नौकेच्या आतली आडवी प्लायवूडची भिंत. पुढच्या केबिनकडे जायची वाट तिच्यातूनच. ही वाट रुंद करायची आणि खांब नजरेआड न्यायचा, ही कल्पना कंत्राटदाराचीच.

मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "हा खांब हलवला तर डोलकाठीचा भार कुठे जाणार?" तो हसून म्हणाला, "ताई, हा खांब निम्मा शोभेचाच असतो. तरी तुमच्या समाधानासाठी आपण नेव्हल आर्किटेक्टकडून तपासून घेऊ." त्याच्या अंदाजपत्रकात 'डिझाइन तपासणी' अशी वेगळी ओळ होती, तिचे पैसेही त्याने घेतले. नंतर एक पानाचं पत्र आलं: प्रस्तावित बदल सुरक्षित आहेत. त्यावर ना हिशेब, ना आकृती, ना आमच्या नौकेचं नाव. मी आकडेमोड मागितली तेव्हा "ती त्यांच्या ऑफिसात असते, ग्राहकाला देत नाहीत" असं उत्तर मिळालं. हे साफ खोटं होतं. ज्याने खरंच हिशेब केलाय तो भार किती धरला, कुठून कुठे उतरवला आणि कोणतं साहित्य किती जाडीचं लागेल, हे कागदावर देतो. छोट्या नौकांच्या बांधणीसाठी आयएसओ १२२१५ ही मानकांची मालिका आहे. तिचा दहावा भाग २०२० मध्ये आला, तो खास शिडाच्या नौकांच्या रिगचे, म्हणजे डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारांचे, भार आणि त्यांच्या जोडण्या यांच्यावरच आहे. तेव्हा असल्या कामाचा हिशेब मांडायची पद्धत नाही, हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

खांब शोभेचा का नसतो, तेही सांगते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा, म्हणजे श्राउड, नौकेच्या कडा वर ओढतात आणि डोलकाठी मधोमध डेक खाली दाबते. ताणलेल्या धनुष्यावर बाण चढवावा तसंच हे. नौका बंदरात उभी असतानाही हा ताण असतोच. वाऱ्यात ती कलली की वाऱ्याकडच्या श्राउडवरचा ताण प्रचंड वाढतो आणि डोलकाठीतून खाली येणारा दाब नौकेच्या स्वतःच्या वजनाइतका, पुष्कळदा त्याहून जास्त होतो. पाच टनांच्या नौकेत एवढा सगळा दाब त्या एका पाइपातून खालच्या फ्लोअरवर आणि कीलवर, म्हणजे नौकेच्या तळाच्या जड कण्यावर, उतरत असतो. (फ्लोअर म्हणजे आपण चालतो ती फळी नव्हे. तिच्या खाली हलच्या, म्हणजे नौकेच्या बाहेरच्या कवचाच्या, तळाशी जखडलेल्या आडव्या पट्ट्यांना फ्लोअर म्हणतात.) दुसरीकडे श्राउड ज्या चेनप्लेटला अडकवतात, त्या बऱ्याच जुन्या नौकांत मुख्य बल्कहेडलाच बोल्टने बसवलेल्या असतात. आमच्याही तशाच होत्या. म्हणजे वर ओढणारा भार बल्कहेडवर आणि खाली दाबणारा खांबावर. कंत्राटदाराने हात घातला तो नेमका या दोन्हींना.

आता त्याने प्रत्यक्षात काय केलं ते. मूळ पाइप काढला आणि त्याच्या जागेपासून वीतभर डावीकडे लाकडाचा नवा खांब उभा केला. पॉलिश सुरेख, कडा गोल, बघणाऱ्याने कौतुकच करावं. त्याचं वरचं टोक मास्ट स्टेपच्या खाली येतच नव्हतं आणि खालचं टोक केबिनच्या चालायच्या फळीवर टेकवलेलं होतं. फळीखाली पोकळी. मुख्य बल्कहेडचा डावा भाग वाट रुंद करायला कापला आणि उरलेला तुकडा हलपासून सोडवून परत बसवला. इथे खरी लबाडी झाली.

बल्कहेड हलला नुसतं चिकटवत नाहीत. जिथे प्लायवूड आणि हल भेटतात तिथला जुना रंग, मेण, घाण सगळं घासून कोरं फायबरग्लास उघडं करावं लागतं. कोपऱ्यात इपॉक्सीच्या पुट्टीचा गोलावा भरायचा. मग त्यावर काचेच्या कापडाचे थर द्यायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद, आणि तेही भिंतीच्या दोन्ही बाजूंनी. याला टॅबिंग म्हणतात. काम कंटाळवाणं असतं, धुळीने अंग खाजतं, आणि संपल्यावर ते पॅनेलच्या मागे जातं, कुणाला दिसत नाही. बिलात टॅबिंग होतं, काचेचं कापड होतं, इपॉक्सी होतं. भिंतीत मात्र होती फक्त पॉलियुरेथेन सीलंटची एक रेघ, वर रंग आणि त्यावर व्हिनियरचं पॅनेल. सीलंट पाणी अडवायला असतो. तो रबरासारखा लवचिक राहतो, भार घेत नाही.

काम चालू असताना मी पाहायला यायचं म्हटलं की "आज रेझिन ओलं आहे, वास सहन होणार नाही" किंवा "आज सगळं उघडं आहे, पाय ठेवायला जागा नाही" अशी उत्तरं यायची. त्याऐवजी फोटो यायचे. टॅबिंगचे फोटो अगदी व्यवस्थित होते. पुढे ते मोठे करून पाहिले तेव्हा लक्षात आलं की त्यांतल्या हलची आतली बाजू राखाडी रंगाची आहे. आमच्या नौकेची आतून पांढरी आहे, आणि ती कधीच रंगवलेली नव्हती.

प्रकरण उघडं पडलं ते शौचालयाच्या दारामुळे. डोलकाठी उभी केली, श्राउड ताणले, बाहेर निघालो. बऱ्यापैकी वारा होता. नौका एका बाजूला कलली की ते दार चौकटीत गच्च अडकायचं, दिशा बदलली की आपोआप सुटायचं. वाऱ्याच्या आडच्या बाजूचे श्राउड थोडे सैल पडतातच, पण आमचे लोंबत होते. परत येऊन टर्नबकल, म्हणजे श्राउड ताणायचे स्क्रू, आवळले, पुढच्या वेळी पुन्हा तेच. डेकवर मास्ट स्टेपभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरग्लासच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागल्या. डेकवर आडवी पट्टी ठेवून पाहिली तर मधोमध खोलगट भाग, नखभर नव्हे, करंगळी जाईल एवढा.

कंत्राटदाराला फोन केला. त्याचं म्हणणं, "नवीन लाकूड आहे ताई, बसतंय. एक सीझन जाऊ द्या." ज्याला खाली काय आहे हे माहीत आहे, तो माणूस आम्हाला समुद्रात एक सीझन काढायला सांगत होता. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे, पैशांवर नाही.

आम्ही स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे नौका तपासणारा जाणकार, आणला. त्याने लहान हातोडीने बल्कहेडच्या कडेने ठोकत ठोकत आवाज ऐकला, मग कपाटातले चार स्क्रू काढून व्हिनियरचं पॅनेल बाजूला केलं. हल आणि प्लायवूड यांच्या मध्ये फट होती. मी त्यात बोट घातलं, ते पहिल्या पेरापर्यंत गेलं आणि सीलंटची पट्टी साल निघावी तशी हातात आली. खांबाखालची फळी उचलली तर तिच्या वरच्या थरात खांबाच्या बुडाचा ठसा खोल उमटलेला, आणि खालून प्लाय तडकलेलं.

असं दडलेलं काम काय करू शकतं, याचं उदाहरण सागरी अपघातांच्या नोंदींत आहे. मे २०१४ मध्ये 'चीकी रफिकी' ही सुमारे ४० फुटी नौका उत्तर अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २०१५ च्या अहवालात म्हटलं की, आधी तळ घासल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या कीलच्या व आतल्या सांगाड्याच्या दुरुस्त्या, यांच्या एकत्रित परिणामाने हलशी कीलचा जोड कमकुवत झाला असण्याची शक्यता आहे. हल आणि सांगाडा यांच्यातला चिकटाव काही ठिकाणी सुटलेला असला तरी तो सहज कळून येत नाही, हेही त्यात आहे. आमचं प्रकरण कीलचं नव्हतं आणि तिथे फसवणूक झाली असंही नाही. पण आतला जोड सुटला आहे हे बाहेरून दिसत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

दुरुस्तीला डोलकाठी उतरवावी लागली. डेक हायड्रॉलिक जॅकने हळूहळू, मध्ये थांबत थांबत, मूळ उंचीला आणला. मूळ पाइप मिळाला असता तर लांबी लगेच कळली असती, पण तो "भंगारात गेला" होता. शेवटी त्याच जातीच्या दुसऱ्या एका नौकेवर मोजमाप घेऊन नवा पाइप बनवला. तो आता मास्ट स्टेपच्या बरोबर खाली आणि फ्लोअरवर उभा आहे. बल्कहेडचा कापलेला भाग बदलून दोन्ही बाजूंनी टॅबिंग झालं, ते चालू असताना मी रोज तिथे होते. कंत्राटदाराने हात वर केले. 'ग्राहकाच्या सूचनेनुसार बदल' असं छापलेलं एक वाक्य बिलाच्या मागे होतं, तेच त्याने पुढे केलं. काही रक्कम भांडून परत मिळाली, 'डिझाइन तपासणी'ची मिळाली नाही.

खांब कधीच हलवता येत नाही असं मी म्हणत नाही. काही नौकांत डेकखाली मजबूत आडवी तुळई किंवा संपूर्ण चौकट बसवून भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नेतात. पण मग ती चौकट त्या भारासाठी आखलेली हवी, आणि आखणाऱ्याशी तुमचं थेट बोलणं झालेलं हवं, कंत्राटदारामार्फत नाही. करारात एकच अट आग्रहाने घाला: भार घेणारा कोणताही जोड तुम्ही किंवा तुमच्या सर्व्हेअरने उघडा पाहिल्याशिवाय त्यावर पॅनेल चढणार नाही, आणि त्या टप्प्याचे पैसे पाहिल्यावरच मिळतील. हे ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्याला काम देऊ नका. काढलेला प्रत्येक खांब, पट्टी, चेनप्लेट नौकेवरच ठेवायला सांगा. आणि विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येऊ शकतं.

काम आधीच झालं असेल तर आजच खांबाच्या बुडाशी असलेली फळी उचलून तो कशावर उभा आहे ते बघा. चेनप्लेटजवळचं एखादं पॅनेल काढा. हल आणि भिंत यांच्या कोपऱ्यात काचेच्या कापडाची वीण रंगाखालूनही जाणवते. तिथे गुळगुळीत, दाबल्यावर दबणारी रेघ लागली, तर दोन्ही बाजूंचे श्राउड सारख्याच प्रमाणात सैल करा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत शीड चढवू नका.