पॅन, मोबाइल आणि नावाचं फील्ड: मास्क, फिल्टर की व्हेरिफायर?

मस्जिद बंदरच्या घाऊक दुकानात किंवा परळच्या लॅबच्या काउंटरवर फॉर्म भरणारा माणूस स्क्रीनकडे कमी आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे जास्त बघतो. कॅप्स लॉक चालू आहे का, हे बघायला त्याला सवड नसते. ते काम फील्डने, म्हणजे फॉर्ममधल्या चौकटीने, करायचं. जावा स्विंगमध्ये (जावाच्या खिडक्या, बटणं, फॉर्म बनवायच्या संचात) डेस्कटॉप अ‍ॅप लिहीत असाल तर त्यासाठी तीन रस्ते आहेत: मास्क, फिल्टर आणि व्हेरिफायर. बटण दाबलं की कळवणाऱ्या कीलिसनरने नको ती बटणं गिळणं हा चौथा, पण तो विचारातच घेऊ नका. माउसने पेस्ट केलेला मजकूर त्याला दिसतच नाही.

मास्क, म्हणजे ठरलेल्या साच्यातच टाइप होऊ देणारी जेफॉरमॅटेडटेक्स्टफील्ड आणि मास्कफॉरमॅटर ही जोडी, पहिल्या भेटीत सगळ्यांना आवडतो. पॅनचा साचा ठरलेला: ५ अक्षरं, ४ आकडे, १ अक्षर. एका ओळीत साचा लिहिला की लहान अक्षरं आपोआप मोठी होतात. त्रास काउंटरवर सुरू होतो. गिऱ्हाईक सात अक्षरं सांगून मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो शोधायला लागतं, काउंटरवाला टॅब मारून पुढचं फील्ड भरतो आणि मागे वळून बघतो तर पॅन गायब. फोकस गेल्यावर, म्हणजे कर्सर दुसरीकडे गेल्यावर, अपुरा मजकूर टाकून देऊन जुना मजकूर परत आणायचा, हे या फील्डचं डिफॉल्ट वागणं आहे. ‘पर्सिस्ट’ हे सेटिंग लावून ते बदलता येतं. पण रिकाम्या साच्यात माउसने मध्येच क्लिक केलं की कर्सर मध्येच बसतो, त्याचा वैताग उरतोच. साचा ठरलेला आणि माणूस कीबोर्डवरच चालणारा असेल, तरच मास्क घ्या.

माझा कौल डॉक्युमेंटफिल्टरला. टाइप केलेलं, पेस्ट केलेलं, कोडमधून सेटटेक्स्टने टाकलेलं, सगळं त्याच्यातून जातं. मोठी अक्षरं करायला मजकूर बदलल्यावर कळवणारा डॉक्युमेंटलिसनर वापरायचा मोह होतो, पण त्याच्या आतून मजकूर बदलायला गेलात की एक्सेप्शन, म्हणजे एरर, येतं. बदल व्हायच्या आधी हात घालायची सोय फिल्टरमध्येच आहे.

फिल्टर लिहिताना क्रम सांभाळा. आधी स्पेस काढा, मग मोठी अक्षरं करा, लांबी शेवटी मोजा. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या पॅनमध्ये मागेपुढे स्पेस असू शकते, आणि लांबी आधी मोजली तर बरोबर पॅनसुद्धा नाकारला जातो. लांबी मोजताना निवडलेला, म्हणजे पुसला जाणारा मजकूर वजा करायचा. नाहीतर भरलेलं फील्ड पूर्ण सिलेक्ट करून नवा पॅन टाइप करू गेलं की काहीच उमटत नाही.

मात्र पाचवं अक्षरच आहे ना, सहावा आकडाच आहे ना, हे फिल्टरला तपासायला लावू नका. दुसरं अक्षर चुकलं म्हणून पुसलं की मागचं सगळं एक घर पुढे सरकतं आणि पाचव्या जागी आकडा येतो. मधली अवस्था चुकीचीच असणार, ती चालू द्यायची.

पूर्ण झालेल्या मजकुराचा हिशेब इनपुटव्हेरिफायरकडे, म्हणजे फील्ड सोडताना तपासणी करणाऱ्याकडे. पॅनचा साचा तिथे तपासा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिली २ राज्याची (महाराष्ट्राचा २७), पुढची १० पॅनची. वर भरलेला पॅन त्यात जुळतो का, हेही इथेच बघायचं. पण व्हेरिफायरने ‘नाही’ म्हटलं की फोकस अडकतो. ‘पॅन नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे काउंटरवाला कोंडला जातो, रद्द बटणावरही जाता येत नाही, जोवर त्या बटणापुरती तपासणी तुम्ही बंद करत नाही. त्यापेक्षा फील्ड लाल करा आणि पुढे जाऊ द्या. सेव्ह करताना मात्र सगळं पुन्हा तपासा, कारण एंटर मारून डिफॉल्ट बटण चालवलं तर फोकस हलत नाही आणि व्हेरिफायर चालतच नाही.

मोबाइल नंबरला १० आकड्यांची मर्यादा फिल्टरमध्ये घालू नका. पुढे ९१ लावलेला नंबर पेस्ट झाला की शेवटचे दोन आकडे कापले जातात आणि दिसायला अगदी ठीक असा चुकीचा नंबर साठवला जातो. आकडे सोडून बाकीचं फिल्टरने काढावं. पुढचे ९१ फोकस गेल्यावर काढावेत, तेही एकूण आकडे १२ असतील तरच, कारण १० आकडी नंबरही ९१ने सुरू होऊ शकतो.

विनफॉर्म्सवाल्यांना (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप लिहिणाऱ्यांना) मास्कसाठी मास्कडटेक्स्टबॉक्स, मोठ्या अक्षरांसाठी कॅरेक्टरकेसिंग आणि तपासणीसाठी व्हॅलिडेटिंग इव्हेंट आहे. क्यूटी या सी++च्या संचातला क्यूव्हॅलिडेटर मला सगळ्यांत समजूतदार वाटतो. ‘चूक’ आणि ‘बरोबर’ यांच्यामध्ये ‘अजून अपुरं’ अशी तिसरी अवस्था तो मानतो.

नावाच्या आणि पत्त्याच्या फील्डवर ‘फक्त अक्षरं’ हा नियम तर लावूच नका. मुंबईत ही फील्ड मराठीतही भरली जातात. ‘हे अक्षर आहे का’ हे सांगणारं जावाचं इजलेटर हे फंक्शन काना, मात्रा, उकार आणि अनुस्वार यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘मुंबई’ टाइप केलं की ‘मबई’ उरतं. त्याऐवजी इजअल्फाबेटिक हे फंक्शन वापरलं तर ही चिन्हं वाचतात, पण हलन्त जातो आणि ‘महाराष्ट्र’चं ‘महाराषटर’ होतं. याउलट ‘हा आकडा आहे का’ हे सांगणारं इजडिजिट देवनागरी आकड्यांना होकार देतं, म्हणून पिनकोडमध्ये ‘४०००१२’ बिनबोभाट आत शिरतं आणि इंग्रजी आकड्यांत शोधताना सापडत नाही. तिथे फिल्टरमध्ये कॅरेक्टरचं डिजिट हे फंक्शन वापरून प्रत्येक आकडा इंग्रजी करून घ्या. नावाला मात्र सेव्ह करताना मागच्यापुढच्या स्पेस काढण्यापलीकडे हात लावू नका.