स्वस्त हॉटेल पॉइंट घेतले, आणि स्वतःचे होते तेही गेले

1,08,100 रुपये गेले. त्यांच्याबरोबर कामाच्या फिरतीत साठवलेले माझे स्वतःचे 1,86,000 पॉइंटही गेले. आधीच सांगतो, मी कुणाला ओटीपी दिला नाही, पासवर्ड दिला नाही, कुठली लिंक उघडली नाही. ज्याच्याकडे हा विषय काढावा तो पहिल्यांदा हेच विचारतो आणि चेहऱ्यावर ‘शिकले-सवरलेले लोक असं कसं करतात’ हा भाव असतो. त्या सगळ्या सूचना पाळूनही माणूस लुबाडला जातो, म्हणून हे लिहितो आहे.

माझं काम मशीन बसवून चालू करून देण्याचं. साणंद, मानेसर, श्रीपेरुंबुदूर अशी वर्षभर फिरती. हॉटेलचं बिल कंपनी भरते, पण मेंबरशिप नंबर माझा, त्यामुळे पॉइंट माझ्या खात्यात जमतात, ते देऊन पुढे पैशांऐवजी खोली घेता येते, आणि मुक्कामाच्या रात्री मोजून सभासदाची वरची श्रेणी मिळते. फुकटचा नाश्ता, दुपारी चारपर्यंत खोली, कधीतरी मोठी खोली. घरापासून लांब राहणाऱ्याला याची किंमत कळते. डिसेंबर आला की श्रेणी टिकवायला किती रात्री कमी पडतात याचा हिशोब प्रत्येक जण करतो, मीही केला. त्यातच आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्यांना उदयपूरला पाच रात्री न्यायचं ठरलं होतं. पॉइंटवर घेतलं की पाचवी रात्र फुकट, म्हणून पाचच. पॉइंट थोडे कमी पडत होते.

क्रेडिट कार्ड आणि पॉइंटच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे. ज्याने मला फसवलं तो माणूस तिथलाच. नवी मुंबईचा, मराठी बोलणारा, मला ‘दादा’ म्हणायचा. कुठल्या कार्डाचे पॉइंट कुठे वळवावेत, कुठल्या हॉटेलात पॉइंटचा भाव चांगला पडतो, हे तो लोकांना फुकट आणि बरोबर सांगायचा. अनोळखी नंबरवरून आलेला भामटा नव्हता तो, हे लक्षात घ्या. विश्वास आधी कमावला, दुकान मग उघडलं.

हॉटेलवाले स्वतः पॉइंट विकतात ते साधारण एक अमेरिकी सेंटच्या आसपास, म्हणजे पंच्याऐंशी-नव्वद पैशांना एक. सेल लागला की बरेच स्वस्त. याचा भाव 36 पैसे. मी आधी 20,000 घेतले, 7,200 रुपयांत. संध्याकाळपर्यंत खात्यात आले. ते वापरून चेन्नईत एक रात्र काढूनही पाहिली, कुणी काही बोललं नाही. याहून जास्त खात्री सामान्य माणसाने कशी करायची? मग 2,40,000 पॉइंट सांगितले, 86,400 रुपयांचे.

आता ती जागा, जी रोज रात्री डोळ्यासमोर येते. पॉइंट आल्याच्या तीन मेल आल्या, प्रत्येकी 80,000. तिन्हींत पाठवणाऱ्याचं नाव वेगळं, तिन्ही नावं परदेशी, एक तर सरळ कुणा बाईचं. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, “कॉर्पोरेट क्लायंट आहेत दादा, त्यांना पॉइंटचा उपयोग नसतो, आम्ही उचलतो. हॉटेलने कधी विचारलंच, तर घरातले आहेत म्हणा.”

घरातले आहेत म्हणा! ज्याचा माल सरळ असतो तो गिऱ्हाइकाला खोटं बोलायला शिकवत नाही. त्या वाक्याला फोन ठेवून तिन्ही मेल हॉटेल कंपनीला पाठवल्या असत्या, तर निदान माझं खातं वाचलं असतं. यूपीआयवर पैसे भरतानाही नाव आलं होतं ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणे, भाच्याचं दुकान आहे. पैसे भरण्याआधी ॲप जे नाव दाखवतं ते बँकेत नोंदलेलं असतं. ते समोरच्या माणसाचं नसेल तर पैसे पाठवू नका. भाचा, मेहुणा, पार्टनर, काही ऐकून घेऊ नका. पण माझ्या बाजूने एवढं सांगेन की आईने तोवर दोन्ही मावशांना उदयपूरचं सांगून टाकलं होतं, आणि त्या हॉटेलच्या पॉइंटवरच्या खोल्या रोज कमी होत होत्या.

वर 14,500 घेऊन त्याने श्रेणीही वाढवून दिली. ॲपमधलं मेंबरशिप कार्ड दोन दिवसांत बदललं. पुढे कळलं की कुठल्याशा कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या योजनेत त्याने माझा नंबर घुसवला होता.

मग एका सकाळी ॲपमध्ये लॉगिनच होईना. मेल आली होती चार ओळींची: नियमभंगामुळे खातं बंद, सर्व पॉइंट जप्त, पॉइंटवरची बुकिंग रद्द. माझे स्वतःचे पॉइंट कंपनीकडून घ्यायचे म्हटले तर दीड लाखाच्या वर जातील.

हे पॉइंट चोरीचे असतात. लोक हॉटेलच्या खात्यात वर्षवर्ष डोकावत नाहीत, पासवर्ड सगळीकडे एकच ठेवतात. ती खाती फोडून पॉइंट पुढे ढकलले जातात. 2014 साली हिल्टन या हॉटेल कंपनीची खाती अशीच फोडून पॉइंट स्वस्तात विकल्याचं उघड झालं होतं. तेव्हा खात्याला चार आकडी पिन असे. मूळ मालक कधीतरी तक्रार करतो, कंपनी माग काढत शेवटच्या खात्यापर्यंत येते, आणि तिथे आपण बसलेलो असतो.

दाद मागायला गेलो तर प्रत्येक जण दार दाखवतो. हॉटेलच्या कॉल सेंटरवर प्रत्येक वेळी नवा माणूस आणि तेच वाक्य: निर्णय अंतिम आहे. चोरीच्या पॉइंटचं सोडा, माझे मी कमावलेले तरी परत करा म्हटलं, तर नियम वाचा म्हणतात. मॅरियट, हिल्टन, हयात, आयएचजी, कुणाचेही नियम काढून बघा: पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही आणि कंपनीबाहेर त्यांची खरेदी-विक्री चालत नाही. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवले. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आणलेले नियम ग्राहकाला वाचवतात ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारात. स्वतः पिन टाकलात की संपलं.

पोलीस ठाण्यात तर कहर झाला. ड्युटीवरच्या साहेबांना आधी पॉइंट म्हणजे काय ते समजावलं. सगळं ऐकून ते म्हणाले, “माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कुठली?” दुसऱ्यांनी सुनावलं की चोरीचा माल तुम्हीच घेतलाय, जास्त ताणू नका. मला! मग, आरोपी नवी मुंबईचा, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे पुण्यातून गेले, पुण्यात जा. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यायचा हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलं आहे. मी छापील प्रत घेऊन गेलो, ती कुणी हातातसुद्धा घेतली नाही. शेवटी साधा अर्ज ठेवून घेतला आणि आवकचा शिक्का मारून दिला. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरची तक्रार ‘प्रक्रियेत’ आहे. त्या दुकानाच्या खात्याची चौकशी करायला कुणाला काय अडचण आहे, हे मला कुणी सांगावं. नाव समोर आहे, यूपीआय आयडी समोर आहे, शहर माहीत आहे!

आई-बाबांना मी हॉटेलची दुरुस्ती चालली आहे असं सांगितलं. ते सांगताना काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

पॉइंट कमी पडले तर कंपनीच्या साइटवर सेल लागेपर्यंत थांबा. हिल्टनमध्ये घरातल्यांचे पॉइंट एकत्र करता येतात, तसं करा. मॅरियटमध्ये श्रेणीसाठी मोजायच्या रात्री हव्या असतील तर एचडीएफसीचं 2023 मध्ये आलेलं कार्ड वर्षाला दहा रात्री खात्यात टाकतं. हॉटेलच्या खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा आणि महिन्यातून एकदा शिल्लक बघा. तुमचेच पॉइंट कुणी तरी 36 पैशांना विकत असेल.

तो माणूस आता दुसऱ्या नंबरवरून दुसऱ्या ग्रुपवर आहे. भाव 32 पैसे लावलाय. ज्यांनी नुकतेच पैसे पाठवले असतील त्यांनी आत्ता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच ते अडवता येतात. ज्यांच्या खात्यात असे पॉइंट येऊन पडलेत त्यांनी त्यावर बुकिंग करू नका. मेल जपून ठेवा आणि कंपनीने विचारायच्या आत तुम्हीच कंपनीला लेखी कळवा.