भाड्याचा ट्रॅक्टरचलित ब्लोअर: संत्रा बागेत कुठे कामाचा, कुठे नाही

मोर्शी-वरूड पट्ट्यात संत्र्याच्या बागेत फवारणीसाठी मजूर मिळणे कठीण झाल्यापासून, ट्रॅक्टरमागे ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने औषधाचे तुषार उडवणारे फवारणी यंत्र, जोडून टाकीच्या हिशेबाने फवारणी करून देणारे तरुण बहुतेक मोठ्या गावांत दिसू लागले आहेत. शेजारच्या गावातील अशाच एका सेवेकडून आंबिया बहराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) आणि त्यानंतर पावसाळ्यातली फवारणी करून घेतली, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. औषध आणि पाणी बागाईतदाराचे, ट्रॅक्टर, डिझेल आणि चालक त्यांचा, असा व्यवहार असतो. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले गुणदोष या धंद्यातील जवळपास सगळ्यांना लागू पडतात.

या यंत्राचे खरे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसते. डिसेंबरपासून पाणी तोडून ताण दिलेल्या बागेला जानेवारीच्या मध्यानंतर ओलीत सुरू केले की फुलांसोबत कोवळी नवती (नवी पालवी) फुटते आणि तिच्यावर सायला, मावा आणि काळी माशी या रस शोषणाऱ्या किडी तुटून पडतात. काळ्या माशीची मादी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला चक्राकार अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले तिथेच चिकटून रस शोषतात आणि त्यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या चिकट पाकावर काळी बुरशी वाढते, तिलाच आपण कोळशी म्हणतो. साधारण निम्मी अंडी फुटलेली असताना पहिली फवारणी आणि पंधरा दिवसांनी दुसरी, हे वेळापत्रक साधले तरच उपयोग होतो, कारण पिल्लांचे कवच टणक झाल्यावर औषध फारसे लागत नाही. येथे पाठीवरच्या पंपाची मोठी अडचण अशी की मजूर पानाची वरची बाजू भिजवतो आणि कीड खालच्या बाजूला सुखरूप राहते. ब्लोअरच्या हवेच्या झोताने पाने उलटीपालटी होतात आणि बारीक तुषार खालून बसतात. फवारणीनंतर मी झाडाच्या मधल्या उंचीवरील पाने उलटून पाहिली, तेव्हा शिरेलगतच्या कडेपर्यंत ओल सारखी पसरलेली होती. गाभ्यातल्या आणि शेंड्याच्या पानांबाबत मात्र तसे म्हणता येणार नाही. ज्या झाडांची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, आधीच काढलेली होती त्यांच्या आतपर्यंत तुषार पोचले. दाट राहिलेल्या झाडांत झोत बाहेरच अडला. चालकाला ट्रॅक्टर हळू गिअरमध्ये ठेवायला सांगावे लागते, कारण टाक्या लवकर संपवण्यात त्याचा फायदा असतो. पूर्ण फुलोऱ्यात मधमाश्या बागेत असतात, त्या काळात फवारणी टाळावी. अगदीच आवश्यक असेल तर ती संध्याकाळीच करावी.

पावसाळ्यात चित्र उलटे होते. जुलै-ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला की आपल्या भारी काळ्या जमिनीत ट्रॅक्टरचे चाक रुतते, आणि जबरदस्तीने आत घातलाच तर ओळींमधली माती दबून निचरा आणखी बिघडतो. याच काळात फायटोप्थोरा ही बुरशी मुळांवर, खोडावर आणि जमिनीलगतच्या फळांवर हल्ला करते. डिंक्या, मूळकूज आणि तपकिरी फळकूज हे सगळे तिचेच प्रताप आहेत. सेवा देणाऱ्यांनी मला डिंक्यासाठीही एक टाकी सुचवली होती, ती मी घेतली नाही. खोडाच्या बुंध्याशी सालीतून डिंक ओघळत असेल तर रोगट साल खरवडून तिथे बोर्डो पेस्ट लावावी लागते (एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी), शिफारशीत बुरशीनाशकाचे आळ्यात ड्रेंचिंग करावे लागते (द्रावण मुळांशी ओतावे लागते) आणि पाणी खोडाला लागू नये म्हणून डबल रिंग (खोडाभोवती दुहेरी आळे) आणि चर काढावे लागतात. यातले एकही काम ब्लोअर करू शकत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळांच्या भाराने वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले असल्याने ट्रॅक्टरला वाटच उरत नाही. फळातील रस शोषणाऱ्या पतंगासाठी फवारणीचा आग्रह धरला जातो, तोही मला पटला नाही. हा पतंग रात्री बाहेरून येतो आणि त्याची अळी गुळवेल व वासनवेलीवर वाढते. तेव्हा धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) या वेली काढणे, गळालेली फळे उचलून पुरणे आणि सायंकाळी बागेत धूर करणे यातून जास्त साधते.

माझी खरी तक्रार टाकी धुण्याबद्दल आहे. फळगळ रोखण्यासाठी काही बागांत टू-फोर-डी हे एरवी तणनाशक असलेले औषध अत्यल्प मात्रेत वापरतात. त्याचा अंश राहिलेली टाकी कपाशीच्या फवारणीला गेली, किंवा वाऱ्याने तुषार शेजारच्या वावरात गेले, तर कपाशीची पाने अरुंद आणि लांबट होऊन पीक हातचे जाते. आमच्याकडे हा ट्रॅक्टर दुसऱ्या बागेतून थेट आला, आणि टाकीत आधी काय होते हे विचारल्यावर चालकाला नीट सांगता आले नाही. मी समोर उभे राहून टाकी आणि नळ्या धुऊन घेतल्या, त्यावर थोडी कुरकुर झाली. चालकाच्या तोंडाला फक्त दुपट्टा होता. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्यानंतरही मास्क आणि हातमोज्यांबाबत इतकी बेफिकिरी असावी हे समजण्यापलीकडचे आहे.

टाकीमागे घेतलेले भाडे मला वाजवी वाटले, आणि वेळेची बचत मोठी आहे. आंबियाची फवारणी मी पुन्हा यांच्याकडूनच करून घेणार आहे. ठिबकच्या नळ्या मात्र आधीच खोडाकडे सरकवून ठेवाव्यात, नाहीतर चाकाखाली फुटतात आणि त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. नवती फुटली की सगळ्या गावाचे फोन एकाच आठवड्यात जातात, म्हणून पानामागे अंडी दिसताच नंबर लावावा. कोळशी काळी दिसू लागल्यावर ट्रॅक्टर आला तर भाडे तेवढेच लागते आणि कीड मात्र पुढच्या पिढीत गेलेली असते.