नौपाड्यातील संवाद-कार्यशाळा : माझा अनुभव

वरच्या घरातून आमच्या न्हाणीघराच्या छतात झिरपणाऱ्या पाण्याचा वाद सोसायटीच्या सभेतही मिटेना, तेव्हा ठाण्यात नौपाड्यात भरणाऱ्या दोन रविवारांच्या वाटाघाटी-कार्यशाळेला मी नाव नोंदवले. मागणी आणि तिच्यामागची गरज वेगळी ओळखावी, हे १९७९ साली सुरू झालेल्या हार्वर्डच्या वाटाघाटी प्रकल्पातून जगभर पोहोचलेले सूत्र येथे व्याख्यानापेक्षा सरावातून शिकवतात, आणि तेच मला सर्वांत मोलाचे वाटले. सरावात माझ्या तोंडून "तुम्ही कधीच ऐकत नाही" हे वाक्य निघताच प्रशिक्षक बाईंनी मला थांबवले आणि "काल छताचा पोपडा आईच्या पायाशी पडला, मला काळजी वाटते" असे म्हणायला लावले; शेजाऱ्याची भूमिका करणाऱ्या गृहस्थांचा चेहरा तत्क्षणी निवळला. पुढे प्रत्यक्ष वरच्या काकांशी बोललो, तेव्हा कळले की त्यांना खर्चाची नव्हे, तर नव्या लाद्या फुटण्याची धास्ती होती. प्लंबरने आधी लाद्यांचे सांधे भरून पाहावे, यावर आमचे एकमत झाले.

बोलणी फिसकटल्यास काय करावे, याला मात्र शेवटची पंधरा मिनिटेच मिळाली. त्या विषयाला किमान अर्धा दिवस द्यायला हवा.