फुकटच्या लिनक्सचे ६७,८५० रुपये

महापेच्या एका होस्टिंगवाल्याने (वेबसाइट ठेवायला सर्व्हर देणाऱ्याने) मला ६७,८५० रुपयांना चुना लावला. ज्या मालाचे पैसे घेतले तो माल, म्हणजे सर्व्हर चालवणारं लिनक्स हे मूळ सॉफ्टवेअर, जगभर फुकट मिळतो, आणि माझ्या गळ्यात मारला तेव्हा तर तो मुदत संपलेला होता. नाव इथे लिहीत नाही, वकिलाने बजावलंय.

वागळे इस्टेटला माझा पॅकिंग मटेरियलचा धंदा आहे. वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) रडायला लागलं म्हणून स्वतःचा सर्व्हर घ्यायचं ठरवलं. यांचा माणूस आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "शेठ, फुकटचं लिनक्स म्हणजे सहा महिन्यांत हॅक. विंडोज महाग पडेल. आमचं लायसन्सवालं एंटरप्राइज लिनक्स घ्या." टॅलीचं लायसन्स आपण भरतो, अँटिव्हायरसचं भरतो. सर्व्हरचं भरायला सांगितलं तर कोणाला शंका येणार? वर्डप्रेसला विंडोज लागत नाही, हे तर तो खरंच बोलला होता. म्हणूनच पुढचंही खरं वाटलं.

बिल असं: ओएस (म्हणजे ते मूळ सॉफ्टवेअर) लायसन्स, दोन वर्षं, ४८,०००. सिक्युरिटी सेटअप ९,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १०,३५०. पैसे आगाऊ.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो. सप्टेंबर २०२४. त्यांचा पोरगा माझ्याच टेबलावर लॅपटॉप उघडून सर्व्हर दाखवत होता. काळ्या स्क्रीनवर वरच पांढऱ्या अक्षरांत आलं, सेंटओएस लिनक्स ७. मी मोठ्याने वाचलं. विचारलंसुद्धा, "हे नाव बिलावर कुठे आहे?" तो म्हणाला, "सर, ते आतलं इंजिन, ब्रँड आमचा." आणि खटकन विंडो बंद केली. तेवढ्यात टेम्पोवाला चलनावर सही मागायला आला. ती ओळ गुगलवर टाकली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं: सेंटओएस हा लिनक्सचाच एक प्रकार, त्याला लायसन्स फी कधीच नव्हती आणि ७ नंबरचा सपोर्ट, म्हणजे अपडेट मिळणं, ३० जून २०२४ लाच संपला होता. पण समोर इंजिनिअर बसलेला असताना गुगल कोण उघडतं?

उघडकीला आलं ते पेमेंटच्या प्लगइनमुळे (साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्राममुळे). त्याला नवीन पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) हवं होतं, सर्व्हरवर जुनं ५.४. ऐरोलीचा भाचा अपडेट करायला बसला तर अपडेटचा पत्ताच सापडेना, कारण अपडेट देणारे सर्व्हर केव्हाच बंद झालेले. तो माझ्याकडे बघून हसला. ते हसू अजून टोचतंय.

फोन केला तर म्हणे, "ते पैसे आमच्या सर्व्हिसचे होते." मग बिलावर लायसन्स का लिहिलं? तिथून पुढे फोन बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. "सर्व्हर मिळाला ना? चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, साहेब, फुकट वाटायची पत्रिका कोणी लायसन्स म्हणून विकली तर? ते म्हणाले, सिव्हिल मॅटर आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, खातं हॅक झालं नाही, स्थानिक ठाण्याला जा. अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धसत्य आहे! २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. हे मला वकिलाने सांगितलं, खिडकीवरच्या माणसाने नाही. पगार मात्र त्याला आपल्या करातून.

कोणी लिनक्सचं लायसन्स विकायला आला तर विचारा, कुठलं लिनक्स, कितवी आवृत्ती, सपोर्ट कधीपर्यंत. लेखी घ्या. डेबियन, उबंटू, अल्मालिनक्स, रॉकी, ही चारही लिनक्स फुकट. उबंटूची एलटीएस (लांब सपोर्टवाली) आवृत्ती पाच वर्षं अपडेट देते. पैसे खरोखर लागतात ते रेड हॅटच्या लिनक्सला, विंडोज सर्व्हरला आणि सर्व्हर सांभाळायच्या सीपॅनेलसारख्या पॅनेलला. पण मग लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते दाखवायला सांगा. सेटअपचे पैसे देणं चूक नाही, मेहनत असते. सर्व्हरच्या ईटीसी (etc) फोल्डरमध्ये ओएस-रिलीज (os-release) नावाची फाइल असते, तिच्यात नाव आणि आवृत्ती असते, ती स्वतः उघडून बघा. रूट पासवर्ड (सर्व्हरची मुख्य चावी) हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

भाच्याने साइट अल्मालिनक्सवर हलवली. लायसन्सचा खर्च शून्य. परवा त्या महापेवाल्यांचा मेसेज आला: लायसन्स रिन्यू करा, लवकर भरल्यास १० टक्के सूट.