फ्लाइटरडार२४: इंदूरहून विमानाने ये-जा करणाऱ्याचा वापरानंतरचा अनुभव

आकाशातली विमानं नकाशावर दाखवणारं फ्लाइटरडार२४ हे अ‍ॅप गेल्या दिवाळीपासून माझ्या फोनवर आहे. मी कामासाठी दिल्ली-मुंबई करतो आणि आई ताईकडे पुण्याला जाऊन-येऊन असते. तिला विमानतळावर सोडणं आणि आणणं माझ्याकडेच. त्यामुळे "फ्लाइट वेळेवर आहे ना रे?" हा प्रश्न आमच्याकडे सारखा निघतो. आता मी आधी एकच गोष्ट बघतो: आपल्याला घेऊन जाणारं विमान या घडीला कुठे आहे. ते कळलं की बहुतेक उत्तर मिळून जातं.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरची बरीचशी विमानं दिल्ली, मुंबई, बेंगळुरूकडून येतात, प्रवासी उतरवतात आणि अर्ध्या-पाऊण तासात नवे प्रवासी घेऊन निघतात. म्हणजे दिल्लीत धुकं असेल तर आपल्याकडे लख्ख ऊन असूनही फ्लाइट रखडते. काउंटरवर लोक चिडतात ते इथेच. "इथे तर हवा चांगली आहे, मग उशीर कशाचा?" त्यांचं चिडणं मला समजतं, कारण त्यांना विमान दिसत नसतं.

अ‍ॅपमध्ये फ्लाइटचा नंबर टाकला की त्या दिवशी कोणतं विमान नेमलंय त्याचा नोंदणी क्रमांक दिसतो. भारतातल्या विमानांचा हा क्रमांक व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो. त्यावर बोट ठेवलं की ते विमान सकाळपासून कुठून कुठे गेलं, प्रत्येक ठिकाणी किती उशिरा पोचलं, सगळं ओळीने येतं. जानेवारीतल्या एका सकाळी विमान कंपनीच्या साइटवर माझी दिल्लीची फ्लाइट 'वेळेवर' दिसत होती आणि ते विमान मात्र दिल्लीतून हललेलंच नव्हतं. ते निघालं तरी इथे यायला सव्वा तास, वर पाऊण तास इथला. मी लगेच फोन करून दिल्लीतली बैठक दुपारी ढकलली. उशिराची घोषणा झाली तेव्हा मी निवांत चहा घेत होतो.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. अ‍ॅपवर उशीर दिसला म्हणून घरून उशिरा निघू नका. देशांतर्गत फ्लाइटचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, आणि उशीर कंपनीने स्वतः जाहीर केलेला नसेल तर तिकिटावरचीच वेळ धरली जाते. शिवाय विमान ऐनवेळी बदलतं. मुंबईला निघताना मी हे पाहिलंय: यायचं विमान मागे अडकलेलं, आणि तासाभरात नोंदणी क्रमांकच बदलला. दुसरं विमान लावलं होतं, फ्लाइट जवळपास वेळेवर सुटली. फ्लाइट रद्द करायची की नाही, वैमानिकांचे ड्युटीचे तास संपलेत का, हे अ‍ॅपला कळत नाही. त्याला कळतं ते आकाशातलं विमान.

तेही कसं, हे जाणून घेतल्यावर माझा भरवसा वाढला. विमान आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत प्रसारित करत असतं. जगभरच्या हौशी लोकांनी गच्चीवर वगैरे बसवलेले रिसीव्हर ते संदेश पकडून पाठवतात. २००६ साली स्वीडनमधल्या दोघांनी हौसेखातर हे सुरू केलं होतं. जवळपास रिसीव्हर नसेल तर कमी उंचीवरचं विमान नकाशावरून मध्येच गायब होतं. तेव्हा घाबरायचं कारण नसतं.

आईला आणायला जाताना तर हे अ‍ॅप सोन्यासारखं आहे. पुण्याहून येणारं विमान धुळ्याच्या आसपास आलं की मी लोकमान्यनगरातून गाडी काढतो. बाबा घरी नकाशा धरून बसतात आणि तापी गेली, सातपुडा गेला, नर्मदा आली, असं मोठ्याने सांगत राहतात. पावसाळ्यात मुंबईवर विमानं गोल गोल घिरट्या घालताना दिसतात. तशी रेघ दिसली की घ्यायला येणाऱ्याने आणखी थोडं थांबावं.

उशीर झाल्यावर काय मागायचं, हे मात्र अ‍ॅप सांगत नाही. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था; तिच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडता येतं. धुक्यासारख्या कारणाने फ्लाइट रद्द झाली तर रोख भरपाई मिळत नाही, त्यावर वाद घालून उपयोग नाही. खाण्याचं मात्र शांतपणे विचारावं. मी विचारतो, आणि आजूबाजूच्या काका-काकूंनाही विचारायला सांगतो. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

तिकीट एजंटकडून काढलं तर त्यात आपलाच मोबाइल नंबर घालायला लावा. आईच्या एका तिकिटावर एजंटने स्वतःचा नंबर दिला होता. वेळ बदलल्याचा मेसेज त्याच्याकडे गेला आणि आई दोन तास आधीच जाऊन बसली. संपर्काचा नंबर नीट दिलेला नसेल तर फ्लाइट रद्द झाल्यावर भरपाईही नाकारता येते, हेही त्याच नियमांत आहे.

पैसे भरावेत का? मी भरलेले नाहीत. फुकटात जाहिराती येतात, पण फ्लाइटची मागच्या ७ दिवसांची खरी वेळ दिसते, आणि तिकीट काढताना तेवढं मला पुरतं. संध्याकाळची फ्लाइट आठवड्यात बहुतेक दिवस रखडलेली दिसली तर मी सकाळची घेतो. विशेषतः दिवसभर छोट्या शहरांमध्ये फेऱ्या मारणाऱ्या एटीआर या छोट्या, पंख्याच्या विमानांचा उशीर प्रत्येक फेरीत साठत जातो, ते या नोंदींत स्पष्ट दिसतं. पैसे भरले की ९० दिवसांच्या किंवा वर्षभराच्या नोंदी मिळतात. दर आठवड्याला उडणाऱ्याने त्या जरूर घ्याव्यात.